डाव्या पिलरवरचा माइक

तिसऱ्यांदा तीच गाडी गेटातून आत आली तेव्हा भाऊ काउंटरवरून उठलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "तुझे नाना आले."

माझे नाना नव्हते ते. चोपड्याचे रिटायर्ड शिक्षक. पांढरी, बारा वर्षं जुनी हॅचबॅक. तिच्यात हँड्सफ्री किट मी बसवलं होतं आणि तीन आठवड्यांत त्याच्याबद्दल दोनदा तक्रार आली होती. बिघाड मला एकदाही सापडला नव्हता.

"आज ते किट काढ आणि कंपनीला परत पाठव," भाऊ म्हणाले. "दुसरं टाक, विषय संपव."

"किट चांगलं आहे, भाऊ."

"मग फिटिंग वाईट आहे."

मी टूलबॅग घेतली आणि बाहेर गेले.

जळगावात आमचं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. आमचं म्हणजे भाऊंचं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि इथे लागले. सीट कव्हर, मॅटिंग वगैरे दुसरे लोक बघतात. वायरिंगचं काम माझ्याकडे असतं: स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, हँड्सफ्री. नवीन गिऱ्हाईक आलं की मला विचारतं, "मॅडम, फिटर कुठे आहे?" मी म्हणते, "मीच." मग ते भाऊंकडे बघतात. भाऊ मान हलवतात. मग काम सुरू होतं. मला त्याचं काही वाटत नाही. डॅशबोर्डखाली डोकं घातलं की कोणाला आपला चेहरा दिसत नाही आणि कोणाशी बोलावंही लागत नाही. हे काम मला आवडतं त्यामागे हेही एक कारण असावं.

हँड्सफ्री किट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. नवीन गाड्यांमध्ये ही सोय कंपनीतूनच येते. जुन्या गाडीत ती बाहेरून बसवावी लागते. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक डबा असतो, तो स्टिरिओच्या मागे जातो. किल्ली फिरवली की त्याला करंट मिळतो. फोन आला की तो गाणं बंद करतो आणि समोरच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून ऐकवतो. एक छोटं बटन असतं, फोन घ्यायला आणि ठेवायला. आणि एक माइक असतो, शर्टाच्या बटनाएवढा. समोरची काच आणि ड्रायव्हरचं दार यांच्या मधला जो तिरपा खांब असतो, त्याला आम्ही पिलर म्हणतो. त्या पिलरवर माइक चिकटवायचा आणि त्याचं तोंड ड्रायव्हरकडे करायचं. सगळ्या कंपन्यांच्या पुस्तिकेत हेच चित्र असतं. मी आजवर जेवढी किट बसवली, सगळी अशीच बसवली.

किट नानांनी घेतलं नव्हतं. ते पुण्याहून त्यांच्या मुलीने, वर्षाताईंनी, आमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं होतं. सोबत फोन केला होता.

"बाबांना सांगू नका मी काय बोलले ते," त्या म्हणाल्या होत्या. "आईचं डायलिसिस आहे, मंगळवार आणि शुक्रवार. बाबा स्वतः चोपड्याहून जळगावला आणतात, घेऊन जातात. मागच्या महिन्यात हातात फोन धरून चालवत होते, अडावदजवळ केळीच्या ट्रॉलीला मागून धडकले. हेडलाइट फुटला. आई शेजारी बसलेली होती."

"लागलं का कोणाला?"

"नाही. पण मी त्यांना सांगितलंय. परत एकदा हातात फोन दिसला तर किल्ली माझ्याकडे द्यायची आणि दोघांनी पुण्याला यायचं. ते किट नीट चाललं पाहिजे, मॅडम. त्यावरच आहे सगळं."

कानात घालायचं यंत्र का नाही दिलं, असं मी विचारलं. दोन दिली होती, दोन्ही हरवली. शिवाय नानांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. उजव्या कानात काही घातलं की रस्त्यावरचे हॉर्न कळत नाहीत. आणि गाडी चालवताना फोन घेऊच नका म्हटलं तर डायलिसिस सेंटरवाले ऐन वेळी फोन करून वेळ बदलतात. तेव्हा किटच बरं.

पहिल्या दिवशी फिटिंगला दीड तास लागला. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि प्रत्येक वायरीचं नाव विचारत होते. विद्यार्थी नाही मिळाला म्हणून माझीच तोंडी परीक्षा घेत असावेत. त्यांची बायको, अक्का, गाडीतच डाव्या सीटवर बसून होत्या. माहेर त्यांचं पिंपळनेरकडचं, तिकडची अहिराणी त्यांच्या तोंडात पक्की. मी इंग्लिश मीडियमची. अहिराणी सगळी समजते, बोलायला गेले की शब्द अडतात, म्हणून मी नुसती हसते. त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "पोरी, जेवनी का?" मी मान हलवली.

काम झाल्यावर ट्रायल घेतात. मी माझ्या फोनवरून कॉल लावणारच होते, तेवढ्यात नानांच्या फोनवर खरा कॉल आला. नाना खूश. त्यांनी बटन दाबलं. चारही दारांमधून एका बाईचा आवाज आला.

"नाना, अक्का जवळ आहे का?"

नानांनी घाईने बटन पुन्हा दाबलं. कॉल कट झाला. "पुतणी," ते म्हणाले. "नंतर करेल." मग फोन खिशात घालून दुकानाच्या मागे, टायरच्या ढिगापाशी जाऊन बोलून आले.

मी बघितलं. पण आवाज स्वच्छ आला होता, बटन चाललं होतं. जॉब कार्डवर मी 'ओके' लिहिलं.

चार दिवसांनी वर्षाताईंचा फोन. "मॅडम, बाबांचा आवाजच येत नाही. आम्ही हॅलो हॅलो करतो, तिकडून काही नाही. मग ते हातात फोन घेतात. म्हणजे परत तेच."

नाना आले. मी पिलरचं प्लास्टिक उघडलं, वायर तपासली, माइकची पिन काढून परत घातली. कॉल लावला. आवाज खणखणीत.

"रस्त्यावर येत नाही," नाना दुसरीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्यांदा ते डायलिसिस आटोपून आले होते. अक्का सीट मागे टाकून पडल्या होत्या. डाव्या हाताला कोपराजवळ कापसाचे दोन बोळे आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी. मी हळू दार उघडून काम केलं. या वेळी पूर्ण माइकच बदलला. इंजिन चालू करून, एसी लावून, खिडक्या उघडून, सगळ्या तऱ्हेने ट्रायल घेतली. आवाज येत होता.

"बघा नाना, येतोय."

"हो बेटा. इथे येतो."

तीन दिवसांनी वर्षाताई पुन्हा. या वेळी त्या भाऊंशी बोलल्या. काय बोलल्या ते भाऊंनी मला सांगितलं नाही, पण त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. किल्लीचं काय ते मात्र सांगितलं. "येत्या रविवारी येतेय म्हणे ती. किल्ली घ्यायला."

आणि आता मंगळवारी सकाळी दहाला गाडी तिसऱ्यांदा आमच्या गेटात उभी होती. डायलिसिसची वेळ बाराची होती.

नाना खाली उतरून भाऊंशी बोलायला गेले. मी ड्रायव्हर सीटवर बसले. वायर बघायची काही गरज नव्हती, ती मला पाठ झाली होती. मी नुसता माइक बघत बसले. आमच्या कामात एक गोष्ट शिकवतात: दुकानात चालतं आणि रस्त्यावर चालत नाही, तर वस्तू बघू नका, रस्त्यावर वेगळं काय होतं ते बघा.

माइकच्या जाळीवर बोट फिरवलं. बोटाला चिकट लागलं. टॉर्च लावला. जाळीच्या भोवती एक फिकट चौकोन होता, धूळ न बसलेला, आणि त्याच्या कडेला कापसाचा बारीक तंतू चिकटला होता. नवा माइक, मी दहा दिवसांपूर्वी स्वतः लावलेला.

मी डावीकडे बघितलं. अक्कांच्या मांडीवर दवाखान्याची पिशवी होती. पिशवीत वरच पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ.

अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

माइकवर पट्टी लावली की समोरच्याला काही ऐकू जात नाही. समोरचा हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो. म्हणजे त्याला जे बोलायचं होतं ते चार स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. टायरच्या ढिगापाशी गेलेले नाना मला आठवले. "अक्का जवळ आहे का?" आठवलं. आपल्याकडे पेशंटची चौकशी करायची तर आधी हेच विचारतात. पेशंट जवळ असेल तर गोड बोलायचं, नसेल तर खरं. मी किट बसवून पेशंटला कायमचं जवळ आणून ठेवलं होतं.

हे भाऊंना सांगणं अगदी सोपं होतं. गिऱ्हाइकाची चूक, आपली नाही. पण नाना तिकडे काउंटरसमोर उभे होते, शाळेच्या ऑफिसात बोलावलेल्या पालकासारखे. मला नाही सांगता आलं.

मी म्हटलं, "रोड ट्रायल घ्यावी लागेल. नाना, तुम्ही चालवा. मी मागे बसते. तापीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ."

नाना म्हणाले, "कशाला? बदलून टाका ना सरळ."

"रस्त्यावर येत नाही म्हणता ना."

नाना गाडीत येऊन बसले.

गावाबाहेर पडेपर्यंत तीन फोन आले. डायलिसिसच्या दिवशी सगळं गणगोत फोन करतं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन फोन नानांनी 'गर्दी आहे' म्हणून कापले. तिसरा सेंटरचा होता, तो घेतला, नीट बोलले, बाराची वेळ पक्की झाली. आवाज दोन्हीकडे स्वच्छ. मी मागून बघत होते. बोलणं झाल्यावर नानांचा अंगठा माइकपाशी गेला आणि परत स्टिअरिंगवर आला.

मग चौथा. होल्डरमधल्या फोनवर नाव आलं: दिलीप. अक्कांचा धाकटा भाऊ, पिंपळनेरचा, हे मला नंतर समजलं.

"घ्या ना," अक्का म्हणाल्या.

"नंतर करू. ट्रॅफिक आहे."

समोर रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना केळी.

"घ्या."

नानांनी बटन दाबलं.

"दाजी, अक्का जोडे शे का?" पुतणीचाच प्रश्न, अहिराणीत.

"दिलीप, मी गाडीत आहे. मी मागून फोन..."

"शे," अक्का म्हणाल्या. "मी जोडेच शे. बोल."

"हॅलो? दाजी? कोन बोली राहिनं? आवाज येत नही."

तो बरोबर सांगत होता. माइकचं तोंड ड्रायव्हरकडे असतं. बाजूच्या सीटवरचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो. त्यात या किटला इंजिनचा, वाऱ्याचा आवाज गाळायची अक्कल दिलेली असते. लांबचा आवाज ते गोंगाट समजून गाळून टाकतं. अक्कांना त्याने गोंगाट समजलं होतं.

अक्कांनी पट्टा सोडला आणि माइककडे झुकल्या. त्यांचा खांदा नानांच्या कोपराला लागला. गाडी डावीकडे ओढली गेली.

"नाना, बाजूला घ्या." माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

नानांनी निंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली. कॉल चालूच होता.

अक्का माइकजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "दिल्या, तुना रिपोर्ट उना का?"

"अक्का... तू शे का?" रिपोर्ट आला का, याचं उत्तर त्याने दिलं नाही.

"रिपोर्ट उना का?"

स्पीकरमधून काही आलं नाही. लांब कुठे तरी मोटरसायकल गेली, तेवढं. कॉल कट झाला का म्हणून मी फोनकडे बघितलं. सेकंद पुढे सरकत होते.

"तुनी बायको नको म्हनस ना?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, मी दाजीले सांगेल व्हतं. तीन हप्ता व्हयनात."

नानांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, उभ्या गाडीत. ते समोर बघत होते.

"तिले म्हनू दे," अक्का म्हणाल्या. "तिना जागावर मी ऱ्हाती ते मी बी तेच म्हनती. तुना पोरे न्हाना शेतस. तू किडनी देवू नको. पन फोन करनं बंद करू नको, समजनं का? आन मना संगे बोल. दाजी संगे नही."

"हां अक्का."

"जेवना का?"

"नही अजून."

"जेव मंग." आणि त्यांनी स्वतः बटन दाबलं.

मी टूलबॅगची चेन उघडली आणि परत लावली. मला खाली उतरून उभं राहावंसं वाटत होतं, पण दार उघडलं असतं तर त्याचाही आवाज झाला असता.

"तुला कोणी सांगितलं?" शेवटी नाना म्हणाले.

"कोनी नही. मना हातनी पट्टी तठे कशी गई, माले दखात नही का? फोन उना की पट्टी. डोया फुटेल नही शेतस मना. खराब व्हयेल शे ती किडनी शे."

नाना हसले की काय केलं, मागून दिसलं नाही. त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं.

"बेटा, किट चांगलं आहे तुझं."

"हो," मी म्हटलं.

"पोरी," अक्का मागे वळून म्हणाल्या, "हाऊ माइक मनाकडे व्हई का?"

"होईल."

"मग मी कुठून बोलायचं?" नानांनी विचारलं.

"तुम्ही गाडी चालाडा."

बाराला त्यांना सेंटरवर सोडलं आणि गाडी मी दुकानात आणली. डायलिसिसला चार तास लागतात. तेवढा वेळ माझ्या हातात होता.

माइक डावीकडे न्यायचा म्हणजे नुसता उचलून चिकटवायचा नसतो. त्याची वायर तेवढी लांब नसते. साधी वायर जोडून वाढवली तर इंजिनची शिट्टी स्पीकरमध्ये येते, गाडी पळवली की शिट्टीही वाढते. त्यासाठी वरून जाळीचं वेष्टन असलेली वायर लागते. ती मी छताच्या कापडाखालून, काचेच्या वरच्या कडेने डावीकडे नेली आणि डाव्या पिलरवर उतरवली. माइकचं तोंड अक्कांच्या सीटकडे केलं. त्या सीट मागे टाकून पडतात हे आठवलं, म्हणून थोडं खाली वळवलं. बटन गिअरजवळ होतं, ते काढून डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या कप्प्यावर लावलं. नानांचा हात तिथे पोचत नाही. मी सीटवर बसून दोनदा खात्री करून घेतली.

भाऊ चहाचा कप घेऊन आले. "काय निघालं?"

"माइकची जागा चुकली होती."

"म्हणजे फिटिंगच."

"हो भाऊ. फिटिंग."

त्यांनी जॉब कार्डवर लाल पेनाने 'फिटिंग मिस्टेक' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. मी सही केली. विचार केला तर ते खोटंही नव्हतं. पुस्तिकेतलं चित्र बघितलं होतं, गाडीत कोण बसतं ते नव्हतं बघितलं.

चार वाजून गेल्यावर मी गाडी सेंटरपाशी नेली. अक्का थकल्या होत्या, नानांच्या खांद्याला धरून चालत होत्या. सीटवर टेकल्या, मागे झाल्या, डोळे मिटले. मला वाटलं ट्रायल उद्यावर टाकावी. पण तेवढ्यात फोन वाजला. अक्कांनी डोळे न उघडता हात लांब करून बटन चाचपलं.

"हॅलो नाना, अक्का जवळ आहे का?" पुतणीच होती.

"नाना गाडी चालाडी राहिनात," अक्का म्हणाल्या. "मीच शे. इचार काय इचारनं ते."

पलीकडे पुतणी गडबडली. मग म्हणाली, "काही नाही, अक्का. कशी आहेस?"

"थकेल शे. तू सांग."

आवाज स्वच्छ येत होता. शिट्टी नव्हती. मी दार लावलं, नानांनी काच खाली करून मला हात केला. दोन्ही हात परत स्टिअरिंगवर गेले आणि गाडी निघाली.

वर्षाताई रविवारी आल्या की नाही ते मला माहीत नाही. सोमवारी त्यांचा फोन आला. मी तयारीत होते.

"मॅडम, आता आईचा आवाज छान येतो. पण बाबांचा अजूनही लांबून येतो."

"त्यांचा तसाच येणार," मी म्हटलं. "तो माइक अक्कांचा आहे."

त्या म्हणाल्या, "हो. आईने सांगितलं. सगळंच सांगितलं. किल्ली असू दे बाबांकडे."

नाना अजून मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या दुकानावरून जातात. कधी हॉर्न देतात. गाडी परत आतमध्ये आलेली नाही. आमच्या धंद्यात याच्याहून चांगला रिपोर्ट नसतो.

जॉब कार्ड भरताना मी आता एक प्रश्न जास्त विचारते: गाडीत फोनवर कोण बोलणार? सगळे म्हणतात, "मीच, आणखी कोण." मी ते लिहून घेते. आणि मग शेजारच्या सीटवर कोण बसलंय ते एकदा बघून येते.